घरातील पेढी आणि शब्दांचे भांडवल : सीॲटलच्या ‘मॉझ’ या संस्थेचा इतिहास (१९८१–२०२१)

१

व्यापारी संस्थेचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो आरंभाचा. संस्था केव्हा स्थापन झाली असे विचारले असता नोंदणीचे वर्ष सांगता येते, पहिल्या कचेरीचे वर्ष सांगता येते, पहिला नफा झाला ते वर्षही सांगता येते; पण ही वर्षे बहुधा एक नसतात. जी संस्था घरगुती व्यवसायातून वाढली तिच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. कारण घरात झालेल्या कामाची नोंद हिशेबाच्या वहीत क्वचितच सापडते. मग संस्था जगाच्या नजरेत ज्या दिवशी आली तोच तिचा जन्मदिवस ठरतो, आणि त्यापूर्वीचा काळ प्रस्तावनेच्या दोन ओळींत गुंडाळला जातो.

अमेरिकेतील सीॲटल शहरात वाढलेली ‘मॉझ’ ही संस्था या दृष्टीने अभ्यसनीय आहे. आंतरजालावरील विपणनाच्या, म्हणजे ज्याला आज सर्रास डिजिटल मार्केटिंग म्हणतात त्या व्यवसायाच्या क्षेत्रात तिचे नाव सर्वतोमुखी झाले. तिची स्थापना २००४ साली झाली असे सामान्यतः सांगण्यात येते. परंतु ज्या व्यवसायातून ती निघाली तो एका स्त्रीने १९८१ साली सुरू केला होता. या दोन सालांमधील तेवीस वर्षांचे काय करावयाचे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, हा घरगुती काळ प्रस्तावनेचा नसून मूळ भांडवलाचा काळ आहे. आणि संस्थेची पुढील वाढ म्हणजे ते भांडवल क्रमाक्रमाने घराबाहेर, इतरांच्या हाती जात राहण्याची कथा आहे.

येथे ‘घरगुती’ हा शब्द चार भिंतींच्या आत चालणारा एवढ्याच अर्थाने योजलेला नाही. जो व्यवसाय कुटुंबाच्या श्रमावर, कुटुंबाच्या ओळखीपाळखीवर आणि शेवटी कुटुंबाच्या नावावर उचललेल्या कर्जावर चालतो, तो घरगुती होय. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, अशी शंका कोणी घेतल्यास उत्तर असे की, या संस्थेने ज्या मालाचा व्यवहार केला तो माल शब्द हा होता.

२

जाहिरातीची एजन्सी ही मुळात मध्यस्थाची पेढी. आपल्या बाजारपेठेतील अडत्याशी तिचे नाते निकटचे आहे. अडत्या स्वतः पिकवीत नाही व स्वतः खातही नाही. विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देणे हे त्याचे काम, आणि त्याबद्दल मिळणारी अडत ही त्याची प्राप्ती. अशा व्यवहारात एक प्रश्न नेहमीच डोकावतो, तो असा की, अडत्या कोणाचा? महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याच्या पट्टीतून अडत कापली जात असे. २०१६ साली शासनाने ती शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले, तेव्हा जो वाद माजला त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

जाहिरातीच्या व्यवसायातही हा प्रश्न फार लवकर उद्भवला. १८४०च्या दशकाच्या आरंभी फिलाडेल्फिया येथे व्हॉल्नी पामर याने वृत्तपत्रांच्या वतीने जाहिराती गोळा करण्याचा उद्योग आरंभिला. तो वृत्तपत्रांचा माणूस होता. कमिशन देत असत तीही वृत्तपत्रेच. त्याच शहरात १८६९ साली फ्रान्सिस वेलंड एअर या एकवीस वर्षांच्या तरुणाने २५० डॉलर भांडवलावर दुसरी पेढी काढली, आणि तिला ‘एन. डब्ल्यू. एअर अँड सन’ असे वडिलांचे नाव दिले. वडील शिक्षक होते. मुलाजवळ अनुभव नव्हता, वयही नव्हते. तेव्हा जे घरात होते तेच त्याने पाटीवर लावले, आणि ते म्हणजे पित्याचे नाव. हिशेबाच्या वहीत २५० डॉलर तेवढे दिसतात. नाव दिसत नाही.

या पेढीने १८७६च्या सुमारास जो खुला करार प्रचारात आणला त्याचे महत्त्व मोठे आहे. त्यापूर्वी एजंट वृत्तपत्रांतील जागा घाऊक भावाने घेऊन जाहिरातदाराला जमेल त्या भावाने विकीत असे. मधला नफा किती, हे त्याच्याशिवाय कोणाला कळत नसे. खुल्या करारात जाहिरातदाराला खरी किंमत दाखविण्यात येई व तीवर ठराविक टक्केवारी घेण्यात येई. एजंट आता जाहिरातदाराचा झाला. विश्वास ही या व्यवसायाची खरी ठेव आहे, आणि ती व्यवहार उघडा ठेवल्याने वाढते, हा धडा या कराराने दिला. आपल्याकडे मुंबईत गिरगावात १९०५ साली निघालेली बी. दत्ताराम आणि कंपनी ही भारतातील जुन्यांत जुन्या जाहिरात-पेढ्यांपैकी एक मानली जाते. तीही एका व्यक्तीच्या नावाची पेढी आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या पार्श्वभूमीवर सीॲटलच्या मायलेकांचा इतिहास पाहिला असता त्याची संगती चांगली लागते.

३

जिलियन म्यूसिग यांनी १९८१ साली लहान व्यावसायिकांना विपणनाचा सल्ला देण्याचे काम सुरू केले. त्यांचा मुलगा रँड फिशकिन हा त्या वेळी दोन वर्षांचा होता. बोधचिन्हे, माहितीपत्रके, छापील जाहिराती, दुकानदाराने आपली ओळख गिऱ्हाइकाला कशी करून द्यावी याविषयीचा सल्ला, असे त्या कामाचे स्वरूप होते. अशा कामात एजंटला एक गोष्ट अपरिहार्यपणे शिकावी लागते : दुकानदार आपल्या मालाला एका नावाने ओळखतो आणि गिऱ्हाईक त्याच मालाला दुसऱ्याच नावाने मागते. या दोन नावांतील अंतर ओळखणे हे त्या सल्लागाराचे कौशल्य. पुढे आंतरजालावर ज्या ज्ञानाला मोठे मोल आले त्याचे बीज येथे आहे.

१९९०च्या दशकात आंतरजालाचा प्रसार होऊ लागला तसे आईच्या गिऱ्हाइकांना संकेतस्थळे हवीशी झाली, आणि ती तयार करण्याचे काम शाळकरी वयातील मुलाकडे आले. २००१ साली तो वॉशिंग्टन विद्यापीठातील शिक्षण पदवीच्या उंबरठ्यावर असताना सोडून आईच्या व्यवसायात पूर्णवेळ दाखल झाला. ही वेळ प्रतिकूल होती. आंतरजालावरील कंपन्यांचा फुगा नुकताच फुटला होता, आणि संकेतस्थळे बांधून घेणारी गिऱ्हाइके पैसे देईनाशी झाली होती. व्यवसाय तगवून धरण्यासाठी मायलेकांनी कर्जे काढली. व्याज आणि दंड मिळून या कर्जाचा आकडा काही वर्षांत पाच लाख डॉलरच्या आसपास गेला. घरातील वडिलांना या कर्जाची कल्पना देण्यात आली नव्हती, असे फिशकिन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘लॉस्ट अँड फाउंडर’ या आपल्या पुस्तकात स्वतःच नमूद केले आहे.

संस्थेच्या इतिहासात या कर्जाचे स्थान काय? यशस्वी व्यवसायाच्या चरित्रात अशी कर्जे बहुधा शौर्यकथेचा भाग म्हणून येतात. पण इतिहासकाराने याकडे निराळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे. भागभांडवल घालणारा माणूस कंपनी बुडाली तर घातलेले पैसे गमावतो. घरगुती पेढी बुडाली तर घर बुडते. म्हणजे या काळातील खरी जोखीम कुटुंबाने पत्करली होती, आणि ती कोणत्याही ताळेबंदात गुंतवणूक म्हणून दाखविलेली नाही. २००४ हे स्थापनेचे वर्ष मानले की ही जोखीम पत्करणारी माणसे, आणि त्यांतही वीस वर्षे गिऱ्हाईक सांभाळून ठेवणारी स्त्री, इतिहासातून गळून पडते.

४

त्याच सुमारास आंतरजालावर शब्दांचा बाजार उभा राहत होता. १९९८ साली बिल ग्रॉस यांनी ‘गोटू’ नावाचे शोधयंत्र काढून शब्दांचा लिलाव मांडला : ‘मोटार’ हा शब्द कोणी शोधला असता पहिल्या जागी जो जाहिरातदार यावयाचा, त्याने त्या शब्दासाठी सर्वांत मोठी बोली केलेली असावयाची. त्याच वर्षी गूगलची स्थापना झाली. ऑक्टोबर २००० मध्ये तिची ‘ॲडवर्ड्स’ ही जाहिरात-योजना निघाली. वृत्तपत्रांच्या काळात जागा विकली जात असे. आता शब्द विकला जाऊ लागला. मात्र शोधाच्या उत्तरात विकत न घेता मिळणारे स्थानही असते. ते पानातील मजकूर, त्या पानाकडे इतरांनी केलेले निर्देश इत्यादींवरून यंत्र ठरविते. असे स्थान मिळावे म्हणून करावयाच्या खटपटीला ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’, संक्षेपाने एसईओ, असे म्हणतात.

म्यूसिग-फिशकिन यांच्या गिऱ्हाइकांनीही हे काम मागितले. प्रथम ते बाहेरच्या जाणकारांकडून करवून घेण्यात येई. पण त्यांचे पैसे देणे अशक्य झाले, तेव्हा मुलाने ते स्वतः शिकावयास घेतले. पुढील सर्व उत्कर्षाचे मूळ या दारिद्र्यात आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. शिकता शिकता जे कळले ते त्याने २००४ साली सुरू केलेल्या ‘एसईओमॉझ’ या ब्लॉगवर लिहून ठेवण्यास आरंभ केला. ‘मॉझ’ हे पद त्याने ‘मोझिला’, ‘डीमॉझ’ अशा खुल्या, लोकांच्या सहकार्याने चाललेल्या उपक्रमांच्या नावांवरून उचलले होते. या व्यवसायातील बहुतेक मंडळी त्या काळी आपले ज्ञान गुप्त विद्येप्रमाणे जपत असत. येथे तेच ज्ञान नवशिक्यांसाठीच्या मार्गदर्शिकेतून व पुढे दर शुक्रवारी फळ्यासमोर उभे राहून दिलेल्या पाठांतून फुकट वाटले जाऊ लागले.

एअरच्या खुल्या कराराशी याचे साम्य उघड आहे. तेथे किंमत उघडी केली, येथे रीत उघडी केली. दोन्ही ठिकाणी मध्यस्थाने आपल्या धंद्याचे रहस्य स्वतःहून सोडून दिले, आणि त्या मोबदल्यात विश्वास मिळविला. ज्या पेढीजवळ जाहिरातीसाठी पैसा नव्हता तिची जाहिरात तिच्या वाचकांनी केली.

५

फेब्रुवारी २००७ मध्ये संस्थेने आपल्या वापरासाठी तयार केलेली संगणकीय साधने मासिक वर्गणीवर इतरांना खुली केली. त्याच वर्षी फिशकिन मुख्याधिकारी झाले, आणि ११ लाख डॉलरची पहिली बाहेरची गुंतवणूक आली. ऑक्टोबर २००८ मध्ये ‘लिंकस्केप’ ही आंतरजालातील परस्परनिर्देशांची सूची प्रसिद्ध झाली. २०१०च्या सुमारास सल्ला देण्याचे काम थांबविण्यात आले. संस्था आता एजन्सी राहिली नव्हती. एजन्सींना हत्यारे पुरविणारा कारखाना झाली होती.

हे स्थित्यंतर शक्य का झाले, याचे एक कारण भाषेच्या स्वरूपात आहे. जॉर्ज झिप्फ याने १९३५ व १९४९ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविले की, कोणत्याही मोठ्या संहितेत थोडे शब्द अतिशय वारंवार येतात व असंख्य शब्द क्वचित येतात. शब्दाची वारंवारता ही त्याच्या क्रमांकाच्या साधारण व्यस्त प्रमाणात असते. लोकांच्या शोधांतही हीच रचना आढळते. रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध पूर्वी कधीच न झालेले असतात, असे गूगलने वेळोवेळी सांगितले आहे. ‘मोटार’ या शब्दावर श्रीमंत कंपन्यांची झुंबड असते. पण एखाद्या विशिष्ट जातीच्या जुन्या मोटारीचा विशिष्ट सुटा भाग विशिष्ट गावात कोठे मिळेल, या शोधाला स्पर्धक नसतात. लहान दुकानदाराची संधी या दुर्मिळ शब्दसमूहांत असते. ते एकेक करून हाताने शोधणे सल्लागाराला परवडत नाही, यंत्राला परवडते. आई ज्या अंतराचा अंदाज गिऱ्हाइकाशी बोलून घेत असे ते अंतर आता आकड्यांनी मोजले जाऊ लागले.

वाढ झपाट्याने झाली. २०१२ साली आणखी १ कोटी ८० लाख डॉलरची गुंतवणूक झाली. मे २०१३ मध्ये नावातील ‘एसईओ’ हे पद गळून ‘मॉझ’ एवढेच उरले. घरगुती पेढीचा एक गुण मात्र टिकून होता. संस्था आपले वार्षिक उत्पन्न, तोटे, इतकेच नव्हे तर २०११ साली हातातोंडाशी येऊन फसलेली गुंतवणूक यांचे वृत्तान्त जाहीरपणे प्रसिद्ध करीत असे. ज्या कुटुंबाने कर्ज झाकून ठेवण्याचे ओझे सोसले होते त्यानेच पुढे हिशेब उघडा ठेवण्याचा आग्रह धरावा, यात विसंगती नाही. पहिल्या अनुभवाचेच ते फळ असावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

६

परंतु ज्या भांडवलावर हा डोलारा उभा होता ते आता संस्थेच्या हाती नव्हते. पूर्वी वाचक शोधयंत्रातून एखाद्या पानावर आला की, त्याने कोणता शब्द लिहिला होता हे त्या पानाच्या मालकाला कळत असे. ऑक्टोबर २०११ पासून गूगलने आपल्या खातेदारांच्या बाबतीत, आणि सप्टेंबर २०१३ पर्यंत जवळजवळ सर्वांच्याच बाबतीत, ही माहिती देणे थांबविले. शोधणाऱ्याचे खासगीपण जपणे हे त्याचे कारण सांगण्यात आले, आणि ते पोकळ म्हणता येणार नाही. तथापि, जाहिरातीचे पैसे देणाऱ्यांना आपल्या जाहिरातींपुरती ही माहिती अहवालांतून मिळत राहिली, हेही विसरता कामा नये. लोक कोणत्या शब्दांनी मागतात हे ज्ञान शोधयंत्राच्या मालकाकडे एकवटले. बाकीच्यांना ते अनुमानाने काढावे लागले.

याच काळात कुटुंबाचेही स्थान बदलले. २०१३च्या अखेरीस बाहेर पडलेले मोठे साधन अपेक्षेप्रमाणे उतरले नाही. जानेवारी २०१४ मध्ये फिशकिन यांनी मुख्याधिकारपद सारा बर्ड यांच्याकडे सोपविले. ऑगस्ट २०१६ मध्ये ५९ माणसांना, म्हणजे चतुर्थांशाहून अधिक नोकरवर्गाला, कामावरून कमी करण्यात आले. फेब्रुवारी २०१८ मध्ये फिशकिन यांनी संस्था सोडली, आणि जून २०२१ मध्ये ‘आयकॉन्टॅक्ट’ या कंपनीने ती विकत घेतली. बाहेरच्या गुंतवणुकीबरोबर वाढीचा एक विशिष्ट वेग बांधून घ्यावा लागतो, आणि तो वेग न साधल्यास चांगला चाललेला व्यवसायही अपयशी ठरतो, असे फिशकिन यांनी आपल्या पुस्तकात प्रतिपादिले आहे. त्यावर मतभेद होऊ शकेल. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. घरगुती काळात संस्था कुटुंबाचे कर्ज फेडण्यासाठी चालत होती, आणि ते फिटले की तिचे काम झाले असते. नंतर तिला फेडावयाच्या कर्जाला शेवटच नव्हता.

म्हणजे या चाळीस वर्षांत तीन ठेवी तीन ठिकाणी गेल्या. गिऱ्हाइकाचा विश्वास व्यक्तीकडून साधनाकडे गेला. जोखीम कुटुंबाकडून गुंतवणूकदारांकडे व शेवटी नोकरवर्गाकडे गेली. आणि शब्दांचे ज्ञान सल्लागाराकडून यंत्राच्या मालकाकडे गेले. वाढीच्या प्रत्येक पायरीवर पेढी मोठी झाली, आणि प्रत्येक पायरीवर तिच्या मूळ भांडवलाचा एकेक भाग तिच्या हातून सुटला.

७

या इतिहासाचा मराठीच्या अभ्यासकाशी संबंध कोठे येतो, हे सांगून निबंध पुरा करावयाचा आहे. २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटी ३० लाखांवर आहेत. २०१८ साली गूगलच्या ‘ॲडसेन्स’ या जाहिरात-व्यवस्थेत मराठीचा समावेश झाला, आणि मराठी शब्दही त्या बाजारात आला. आज महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत घरी बसून हे काम करणारे तरुण-तरुणी आढळतात. त्यांची स्थिती १९८१ मधील त्या सीॲटलच्या बाईंसारखीच आहे.

मात्र त्यांच्यापुढे एक जादा अडचण आहे. इंग्रजीत नामाची रूपे दोनचार. मराठीत सामान्यरूप व प्रत्यय यांमुळे ‘पुणे’, ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’, ‘पुण्यातील’ ही यंत्राला निरनिराळी अक्षरमाला दिसते. ‘घर भाड्याने’ असे शोधणारा ‘भाडे’ हा कोशातील शब्द लिहीतच नाही. शिवाय तोच मनुष्य कधी देवनागरीत लिहितो, तर कधी रोमन लिपीत, आपल्या मनच्या वर्णयोजनेने. एका मराठी पदाची शेकडो रूपे होतात, आणि झिप्फच्या वितरणाचे शेपूट आणखी लांबते. कोणत्या रूपाने किती लोक मागतात, हे आपल्या भाषेच्या जिवंत वापरासंबंधीचे अमोल ज्ञान आहे. आणि ते आज आपल्या कोणत्याही विद्यापीठाकडे नाही.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या वर्षांत सिद्ध झाला. या कोशकारांनी शब्द जमविले ते लोकांच्या तोंडून, पण जमविल्यावर ते लोकांच्याच स्वाधीन केले. कोणीही कोश उघडून पाहावा. आजचा सर्वांत मोठा मराठी शब्दसंग्रह रोज आपोआप भरतो आहे, आणि तो बंद आहे. जे काम घरगुती पेढीतल्या एका तरुणाने आपल्या क्षेत्रापुरते केले, म्हणजे शिकलेले उघड्यावर मांडले, ते मराठी शब्दवापराच्या बाबतीत भाषाविभागांनी करावयास हवे. व्यक्तीचे खासगीपण जपून, संमतीने, बाजारातील, कचेरीतील व घरातील मागणीची भाषा नोंदविणे हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. आरंभ एका गावापासून आणि एका बाजारपेठेपासून करता येईल.